पत्र्याच्या अलीकडून

नारायण पेठ, पुणे
१४ जून २०२०

चि. नंदू,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते. पुढे रागाच्या भरात राहून जायला नकोत.

तू फोन उचलत नाहीस. उचललासच तर "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" म्हणतेस, आणि तुझं ते 'नंतर' काही उजाडत नाही. तहसीलदारबाईंना कामं असतात हे आम्हाला कळतं. अख्ख्या तालुक्याचं कुलूप तुझ्याकडे, किल्लीही तुझ्याकडे. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. मीटिंगमध्ये आहे असं पत्राला सांगता येत नाही.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. एप्रिलात गल्लीच्या दोन्ही तोंडांना ठोकलेले पत्रे एकदाचे काढले. पत्रे निघाल्यावर पहिल्याच सकाळी बाबा काठी टेकत मंडईपर्यंत जाऊन आले. जन्मभर जिथे बसून बटाटे-कांदे विकले, तो गाळा बघून यायचा होता. परत आल्यावर म्हणाले, "एवढी स्वच्छ मंडई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. फार वाईट दिसते."

डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे. आपलं नेहमीचं केंद्र एप्रिलात बंद झालं, तिथल्या एका टेक्निशियनला कोरोना निघाला म्हणून. आता येरवड्याला जातो. मध्ये थोडी ओढाताण झाली, पण ते आता जुनं झालं. मेअखेरीला घरात ताप येऊन गेला. बरे आहोत. पथ्य तेच. बटाटा दोनदा उकळून, पाणी फेकून, चार फोडी पानात वाढते. बाबा त्या फोडींकडे बघतात आणि म्हणतात, "वजनात मारलंस." जीभ शाबूत आहे, म्हणजे माणूस शाबूत आहे असं मी समजते.

मागे तू विचारलं होतंस, नागोरावकाका कसे आहेत म्हणून. वरच्या मजल्यावर शालू आणि योगेश आहेत. बाकी सविस्तर कधीतरी लिहीन.

मागच्या वेळी तुझा आवाज मला बरा वाटला नाही. तू बाबांना फोन द्यायला सांगितलं नाहीस. नेहमी आधी त्यांना मागतेस आणि मग मला उरलंसुरलं मिळतं. या वेळी त्यांनी हात पुढे केला, तर तू घाईघाईने फोन ठेवलास. तो हात बराच वेळ तसाच होता.

वेळेवर जेवत जा. विक्रमरावांना नमस्कार सांग. आमची काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे.

आई

•

नारायण पेठ, पुणे
२८ जून २०२०

नंदू,

काल विक्रमरावांचा फोन आला होता. तुला न सांगता केला म्हणाले, तेव्हा नवऱ्यावर डाफरू नकोस. तुझं जेवणात लक्ष नाही, राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहेस आणि बाबांशी बोलायची तुला हिंमत होत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, बाबांनी काय केलंय? तेव्हा त्यांनी मला महिपतीची हकीकत सांगितली.

तुझ्या तालुक्यातला महिपती. बाबांसारखाच डायलिसिसवरचा माणूस. गावात रुग्ण निघाले म्हणून गाव बंद केलेलं. डायलिसिसचं केंद्र जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, आणि तिथे कोरोनाच्या रिपोर्टशिवाय घेत नव्हते. त्याच्या बायकोने अर्ज आणला. रिपोर्ट नसताना सोडला तर गाडी हद्दीवरून परत पाठवतील, म्हणून तू अर्जावर 'अहवाल प्राप्त झाल्यावर परवानगी द्यावी' असं लिहून सही केलीस. अहवाल आला तेव्हा महिपती राहिला नव्हता. आणि अहवालात कोरोनाही नव्हता.

विक्रमराव म्हणाले, "आई, तिने नियमाप्रमाणेच केलं हो." मी म्हटलं, "ते तिलाही माहीत आहे. म्हणूनच तर तिला घास उतरत नाही."

मागच्या पत्रात मी तुला दोनदा 'सगळं ठीक' असं लिहिलं. ते खोडून टाक. नीट सांगते.

गल्ली बंद झाली त्याच आठवड्यात आपलं केंद्र बंद झालं. येरवड्याचं केंद्र बाबांना घ्यायला तयार होतं, पण आधी रिपोर्ट आणा म्हणाले. घशातला नमुना दिला. रिपोर्ट येईना. डायलिसिसची एक पाळी चुकली, मग दुसरी चुकली. बाबांचे पाय असे सुजले की चपलेत जाईनात. पाणी नुसतं ओठाला लावायचे. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून सारखे खिडकीशी बसून असायचे. त्याच दिवसांत तुझा फोन आला होता. "बाबा काय करताहेत?" तू विचारलंस. मी म्हटलं, "खिडकीत बसलेत गंमत बघत." गंमत सोडली तर बाकी खोटं नव्हतं.

एका सकाळी त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. मी येरवड्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "रिपोर्टचं मग बघू. आधी घेऊन या, वेगळ्या मशीनवर घेतो." अॅम्ब्युलन्ससाठी फोन केला तर गाडी मोकळी नव्हती. मग बाबांना धरून धरून पत्र्यापर्यंत नेलं, खालच्या दुकानातली प्लास्टिकची खुर्ची मागून तिच्यावर बसवलं. पत्र्याच्या फटीतून पलीकडचा हवालदार दिसत होता. तो म्हणाला, "पास दाखवा." पासासाठी मोबाइलवर अर्ज भरला होता, पण मंजूर झाला नव्हता. "मावशी, वरून आदेश आहे. मी उघडलं तर माझ्यावर येईल." वाईट माणूस नव्हता गं. सारखा घाम पुसत होता आणि बाबांकडे बघायचं टाळत होता.

आणि माझं तोंड सुटलं. पत्र्यावर हात आपटून मी ओरडले, "ज्याने कुणी हा पत्रा ठोकायची सही केली ना, त्याच्या बापालाही असंच तडफडायला लागू दे!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. बाबांनी माझा पदर ओढला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. दम घेत घेत म्हणाले, "अगं... आपली नंदूपण... सह्या करते."

बघ, म्हणजे माझा शाप तोंडातून निघायच्या आधीच फळलेला होता. सही करणारीचा बाप समोर खुर्चीवर तडफडतच होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून नागोराव जिना उतरून आले. पायात स्लीपर, तोंडाला पंचा गुंडाळलेला. त्यांची ती जुनी गाडी नेहमीप्रमाणे गल्लीबाहेर, नदीकडच्या रस्त्याला उभी होती. हवालदाराला म्हणाले, "गाडी तुमच्या बाजूला आहे. किल्ली माझ्याकडे आहे. पेशंट तुमच्या समोर आहे. आता तुमच्याकडे काय आहे ते सांगा."

हवालदाराने फोन लावला. कुणी उचलला नाही. दुसरीकडे लावला. मग फोन खिशात टाकला आणि पत्र्याची तार सोडायला लागला.

वर गॅलरीत शालू उभी होती. सासऱ्यांना हाका मारत होती, "पप्पा, तुम्ही नका जाऊ! तुम्हाला दमा आहे. दुसरं कुणीतरी बघू देत ना!" नागोरावांनी वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "दुसरं कुणी दिसलं की थांबतो."

तसं दुसरं कुणी दिसलं नाही. गल्लीत तरुण माणसं काय कमी होती? पण सगळी खिडक्यांत. मी त्यांना नावं ठेवत नाही. कुणाच्या घरात तान्हं मूल, कुणाच्या घरात म्हातारी. बाबा वाचले ते त्या सकाळी. दुसऱ्या दिवशी पास आला, त्यावर चालक म्हणून नागोरावांचं नाव पडलं आणि मग सगळा मे महिना तेच आम्हाला नेत आणि आणत राहिले. आम्ही आत असलो की ते बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. मी एकदा म्हटलं, "तुमचा फार वेळ जातो हो." तर म्हणाले, "वेळ जायलाच तर आलोय. घरात शालू मला भांडी घासायला लावते."

मेअखेरीला त्यांना ताप आला. की आधी बाबांना आला? आता आठवायला बसलं की रोज वेगळं आठवतं. त्याच आठवड्यात दोघांनाही कोरोना निघाला. मलाही निघाला, पण मला साधी शिंक आली नाही. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं. किडनीचा पेशंट म्हणून मी आशा सोडल्यासारखीच होते, आणि तेच परत आले. नागोराव आले नाहीत. त्यांना अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं तेव्हा शालू खाली येऊन भिंतीला टेकून उभी होती. तिला जवळ जाऊ दिलं नाही. नंतर योगेशला, पोटच्या मुलाला, म्हणे लांबूनच दाखवलं.

तुला पर्वतीच्या चढावर गाडी थांबवून परत उचलायला ज्यांनी शिकवलं, ते आपल्यासाठी धावले आणि गेले, हे मला लिहवत नव्हतं. आपल्यामुळेच गेले का, तेही ठाऊक नाही. केंद्रातून आला असेल, दूधवाल्याकडून आला असेल, माझ्याकडून आला असेल. कुणीही सांगू शकत नाही.

माझं विचारशील, तर बाबांसाठी मी उद्याही ती तार सोडायला लावीन. शालूला विचारशील, तर ती म्हणेल, पत्रा कशासाठी ठोकला होता ते आता तरी कळलं ना? मी तिला काय उत्तर देऊ? त्या दिवसांत टीव्हीवर माणसं भांडायची, एक म्हणे सगळं बंदच ठेवा, दुसरा म्हणे आमच्या स्वातंत्र्याचं काय? बाबा टीव्ही बंद करायचे आणि म्हणायचे, "दोघांच्याही किडन्या उत्तम आहेत वाटतं."

पण एक गोष्ट मी तुला सांगणार आहे, आणि ती आई म्हणून नाही. पत्र्याच्या अलीकडे उभी राहिलेली बाई म्हणून सांगते. 'अहवाल प्राप्त झाल्यावर' एवढं लिहून तू तो कागद बाजूला सारायला नको होतास. पलीकडच्या डॉक्टरला एक फोन लावून बघायचा होतास. आमचे डॉक्टर एका फोनवर 'आणा' म्हणाले. तुझ्या डॉक्टरांनी नाही म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी. तुझ्यासमोर दिवसाला असे ढीगभर कागद येतात, तू महिनोन् महिने घरी धड झोपलेली नाहीस, हे सगळं मला कळतं. तरी लावायचा होतास.

हे तुला कुणी बोललं नसेल. सगळे म्हणाले असतील, मॅडम, तुमची काही चूक नाही. म्हणून तर तू खणात राजीनामा ठेवून बसली आहेस. तो देऊन काय होणार? त्या खुर्चीवर दुसरं कुणी येईल, आणि त्याला महिपती माहीतसुद्धा नसेल.

तू त्याच्या बायकोकडे गेलीस का? विक्रमराव म्हणाले, नाही. तिचं नाव विमलाबाई म्हणे. जा तिच्याकडे. गाडी लांब उभी कर आणि चालत जा. ती शिव्या देईल. मी दिल्या असत्या, मी तर शाप दिला. ऐकून घे. नियम सांगू नकोस, सरकारी मदतीचं काढू नकोस, रडूही नकोस. तिच्या दारात आपण रडायचं नसतं.

हे तुला शिकवते आहे खरी, आणि मी स्वतः नागोराव गेल्यापासून शालूला जिन्यात चुकवते आहे. तिची पावलं वाजली की दार लोटून घेते. समाचाराला गेले नाही. आधी आम्हीच कोंडलेले होतो, ते कारण पुरलं. नंतर कारण उरलं नाही, तरी गेले नाही.

तर असं करू. तू त्या गावात जा, मी एक मजला चढते. तुझी वाट लांबची आहे, पण माझीही काही जवळची नाही.

पत्र टाकून येते आणि मग वर जाते. टाकून आल्यावर परत घरात शिरून बसू नये, म्हणून तुला आधी लिहून ठेवलं.

आई

•

नारायण पेठ, पुणे
१९ जुलै २०२०

चि. नंदू,

तुझं पत्र पोचलं. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आधी मी एकटीने वाचलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा आवाज बरा लागला.

विमलाबाईंनी तुला बसही म्हटलं नाही, अंगणात उभं ठेवून त्या धान्य पाखडत राहिल्या, हे वाचताना बाबा नुसते मान हलवत होते. मग ते आलं. "सही करताना नाव वाचता का वो म्याडम?" तू म्हणालीस, "वाचलं होतं." आणि त्या म्हणाल्या, "मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं न्हाई. आज तुमी घ्या. पुरं घ्या." तिथे बाबांनी मला थांबवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "घेतलंन का हिने?"

मी म्हटलं, "घेतलं. त्याच्या वडिलांच्या नावासकट."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, 'आता जावा.'"

बाबा म्हणाले, "तिने पोरीला हाकलून दिलं नाही. जा म्हणाली. यात फरक आहे." मला तो फरक अजून नीट समजलेला नाही. तुला समजला असेल.

आता माझं. ज्या दिवशी पत्र टाकलं, त्याच दिवशी वर गेले. शालूने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. मीही जिन्यावरच थांबले. दोघींच्या तोंडाला मास्क, त्यामुळे चेहरा वाचायची सोय नाही. नागोरावांचा फोटो आत टेबलावर दिसत होता. मी काय बोलणार ते ठरवून गेले होते, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

तीच म्हणाली, "मी पप्पांना जाऊ नका म्हणाले होते."

"हो. मी ऐकलं होतं."

"सगळ्या गल्लीने ऐकलं. मी स्वार्थी आहे असं वाटलं ना सगळ्यांना?"

"मला त्या वेळी वाटलं होतं," मी म्हटलं. "आता नाही वाटत."

"तुम्ही त्यांना नको का नाही म्हणालात, काकू? एकदा तरी. पहिल्या दिवसाचं नाही म्हणत मी. नंतर पास आला, तेव्हा रिक्षा बघता आली असती."

रिक्षावाले येरवड्याला यायला तयार नव्हते, हे खरं आहे. पण मी फार विचारलंही नव्हतं, हेही खरं आहे. नागोराव होते, गाडी होती, ते हसून येत होते. मी म्हटलं, "म्हणायला हवं होतं. माझा जीव ह्यांच्यात अडकला होता, मला दुसरं कुणी दिसलं नाही."

ती रडली. मी पायरीवर उभी राहिले. जवळ जाता येत नव्हतं, आणि तुला जे सांगितलं होतं ते मलाही पाळायचं होतं. मग डोळे पुसून म्हणाली, "काही दिवस वर येऊ नका. मला तुम्हाला बघवत नाही." मी बरं म्हटलं आणि वळले. तीन-चार पायऱ्या उतरले असेन, तेव्हा मागून आवाज आला, "काकू." मी थांबले. "काकांचं डायलिसिस चुकवू नका. एवढं सगळं होऊन त्यांना काही झालं ना, तर ते मला सहन होणार नाही."

हे मी बाबांना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी पाण्यासाठी माझ्याशी भांडणं सोडलं आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेला तेवढाच पेला मागतात, आणि तोही कधीकधी अर्धा ठेवतात.

इथे परत दहा दिवस सगळं बंद केलं आहे. आजार वाढतोय हे दिसतंच आहे, कुरकुर तरी कुणाकडे करायची? पण या वेळी बंद करायच्या आधीच वॉर्डातली एक मुलगी घरोघर विचारून गेली, डायलिसिस कुणाचं आहे, केमो कुणाची आहे, दिवस कुणाचे भरले आहेत. आमचा पास हातात आहे. येरवड्याला यायला एक रिक्षावाला तयार झाला आहे. मागे प्लास्टिकचा पडदा लावून घेतलाय त्याने. बाबा म्हणतात, "दुधी भोपळ्यासारखं पिशवीत घालून नेतो मला."

तूही लिहिलं आहेस की आता तुझ्या तालुक्यात डायलिसिसवाल्याची गाडी आधी निघते आणि कागद तिच्यामागून जातो. वरच्यांनी जाब विचारला तर काय सांगशील, असं बाबांनी विचारायला सांगितलं आहे. मी म्हटलं, ते तिचं ती बघेल. राजीनाम्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, 'आई, तू मला माफ केलंस का?' ते माझ्याकडे मागू नकोस, नंदू. माझा नवरा घरात आहे, आत्ता खिडकीशी बसून कुणाच्या तरी पिशवीतला कांदा सडका आहे म्हणून ओरडतो आहे. तुला माफ करायचं की नाही हे विमलाबाईंचं आहे, आणि मला करायचं की नाही हे शालूचं आहे. त्या दोघी कधी करतील, करतीलच का, कुणास ठाऊक. आपण तोवर वाट बघायची आणि आपली कामं करायची.

तुला झोप येत नसेल तेव्हा मला फोन कर. मी काही समजूत घालणार नाही. तू पत्रा ठोकणाऱ्यांतली, मी पत्र्यावर हात आपटणाऱ्यांतली, हे काही बदलायचं नाही.

जेवत जा.

दर वेळी तुझ्या बाजूची नसलेली, पण दर वेळी तुझीच,

आई